सहा माहितीपट आणि सभामंडपातला एको

माहितीपट म्हटला की अजून कित्येकांना मुख्य सिनेमाआधी थेटरात लागणारी फिल्म्स डिव्हिजनची रिळे आठवतात. धरण, लसीकरण आणि वरून एक भारदस्त आवाज. २००४ पासून पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव भरतो, तिथे दर वर्षी चांगले माहितीपट येतात. पण पास काढून, रजा टाकून सांगे-काणकोणहून पणजी गाठणारे किती? म्हणून हा आढावा शाळेत, वाचनालयात, वाड्यावर खेळ लावणाऱ्यांसाठी. कसोटी एकच लावली आहे: बघणारा नेमका कशाने हलतो? पडद्यावर कोणी रडते म्हणून फारसा नाही. कोणाचे तरी हात काम करताना पुरेसा वेळ दिसले, की हलतो.

या कसोटीवर 'हनीलँड' (२०१९) सगळ्यांच्या वर. उत्तर मॅसेडोनियातले ओस पडलेले गाव, मधमाश्या सांभाळणारी हातिजे आणि अंथरुणाला खिळलेली तिची म्हातारी आई. सुरुवातीलाच हातिजे कड्याच्या अरुंद धारेवरून चालत जाते, दगडाची लादी बाजूला करते आणि आतल्या पोळ्याला उघड्या हातांनी हात घालते. तिचा नियम साधा: अर्धा मध मला, अर्धा तुम्हाला. शेजारी सात पोरांचे कुटुंब राहायला येते. बाप तिच्याकडूनच धंदा शिकतो, पण व्यापाऱ्याचा तगादा लागल्यावर माश्यांचा वाटाही काढून विकतो. मग त्याच्या माश्या हातिजेच्या पोळ्यांवर तुटून पडतात. राग येतो, पण त्या माणसाला खलनायक म्हणवत नाही, कारण त्याची सात तोंडे आपण तासभर पाहिलेली असतात.

चित्रीकरण तीन वर्षे चालले, चारशेहून जास्त तासांचे फुटेज जमले. घरात वीज नसल्याने आतले प्रसंग दिव्याच्या आणि खिडकीच्या उजेडात टिपले आहेत. हातिजेची तुर्की बोली दिग्दर्शकांना येत नव्हती, त्यामुळे आधी नुसत्या चित्रांवर जुळणी केली, शब्द नंतर आले. दाखवणाऱ्याला याचा थेट फायदा: इंग्रजी उपशीर्षके वाचता न येणाऱ्या आजीलाही गोष्ट कळते. ऑस्करला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळवणारा हा पहिलाच चित्रपट.

पत्र्याच्या शेडमध्ये मात्र जून ते सप्टेंबर हा लावू नये. वारा आणि माश्यांची गुणगुण हेच याचे संगीत आहे, पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की अर्धा सिनेमा वाहून गेला समजा.

शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) दिल्लीच्या घारींचा. मांजाने पंख कापलेल्या घारी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात आणि नदीम व सऊद हे भाऊ त्या तळघरात बऱ्या करतात, त्याच तळघरात जिथे त्यांचा साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदा चालतो. घार मांस खाते म्हणून पक्ष्यांच्या रुग्णालयाने तिला नाकारलेली. बाहेर शहर पेटलेले आहे, पण ते बहुतेक कानांवरच येते, घोषणांतून आणि फोनवरच्या बोलण्यातून. पहिलाच शॉट रात्रीच्या मोकळ्या जागेतल्या उंदरांचा. कॅमेरा इतका सावकाश सरकतो की पाच मिनिटांत कोणीतरी चुळबुळणारच. थांबा. गच्चीवर घार भावांचा मदतनीस सालिक याचा चष्मा पळवते तोवर सगळा हॉल तिच्या बाजूचा झालेला असतो.

हा टीव्हीवर लावत असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन 'मोशन स्मूदिंग' बंद करा (प्रत्येक कंपनी त्याला वेगळे नाव देते). ते चालू राहिले की असे संथ शॉट मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात आणि सगळी जादू जाते. आणि देवळाच्या सभामंडपात हा नको. मांस कापण्या-दळण्याची दृश्ये आहेत, उगाच वाद. शाळेचा हॉल बरा.

सभामंडपाचा विषय निघालाच आहे तर आवाजाबद्दल. प्रोजेक्टरमधला स्पीकर वीस माणसांपुढे निकामी, म्हणून भजनी मंडळाचा सेट आणला जातो, आणि त्याच्या मिक्सरवर एको आदल्या भजनाच्याच जागी असतो. मग नदीमचे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते. एको पूर्ण शून्यावर, बास थोडा कमी, आणि दोन्ही स्पीकर पडद्याच्या दोन अंगांना. मागे ठेवलेत तर आवाज एकीकडून आणि माणूस दुसरीकडे. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी उपशीर्षके खातात. आठ फुटी पडद्याला ३००० लुमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण काळोख पडल्यावरच.

कार्तिकी गोन्साल्विस यांचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' (२०२२) चाळीसेक मिनिटांचा, मुलांसाठी उत्तम. रघू हत्तीला त्याला वाढवणाऱ्या बोम्मन-बेल्ली या जोडप्याकडून काढून दुसऱ्याकडे सोपवतात, तिथे मोठी माणसेही डोळे पुसतात. संगीत जरा जास्तच सांगत राहते की आता गहिवरा. 'माय ऑक्टोपस टीचर'मध्ये (२०२०) तर हा दोष दुप्पट. शार्कपासून वाचायला शिंपल्या अंगावर ओढून गोळा झालेला ऑक्टोपस बघून श्वास अडकतो, आणि लगेच निवेदक स्वतःच्या मनाबद्दल बोलायला लागतो. बाबा, आम्हाला तो ऑक्टोपस बघू दे की!

हे दोन्ही नेटफ्लिक्सवर आहेत. घरगुती खात्यावरून जाहीर खेळ लावता येत नाही. काही माहितीपटांना शैक्षणिक खेळाची एकवेळची मुभा असते, तिकीट न लावण्याच्या अटीवर. त्या त्या नावापुढे तशी नोंद आहे का ते आधी पाहा. मध्ये जुने व्हीजीए कन्व्हर्टर असेल तर कॉपीसंरक्षणामुळे नुसता आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. ऐनवेळी केबल बदलत बसायला नको असेल तर आदल्या दिवशी दहा मिनिटे चालवून बघा.

दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) तासाभराच्या आतला. पत्रकार पी. साईनाथ विदर्भात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जातात, ओसरीवर बसतात. घरातली बाई मराठीत बोलते, आणि आपल्याला उपशीर्षकांची आड लागत नाही, म्हणून घाव थेट बसतो. रोमचा सम्राट नीरो याने बागेतल्या मेजवानीला उजेड हवा म्हणून कैदी जाळले. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाही, ते बघत जेवणाऱ्या पाहुण्यांबद्दल आहे. यानंतर त्याच रात्री दुसरे काही लावू नका.

शेवटचा घरचा, गोव्यातला. सौम्यानंद साही यांचा 'रिमेंबरिंग कुर्डी' (२०१६). साहींचे नाव 'ऑल दॅट ब्रीद्स'च्या छायाचित्रणातही आहे. साळावली धरणात बुडालेले गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे हे सांगे तालुक्यातले गाव दर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते आणि उठवलेली माणसे सोमेश्वराच्या देवळाशी, कपेलाशी (छोट्या चर्चशी) पुन्हा जमतात. दाखवायचा तर मे महिन्यात, गाव उघडे असताना. पडद्यावर जोते दिसले की मागून आवाज येणार, हे अमक्याचे घर, तिथे विहीर होती. या एका खेळाला कोणाला गप्प बसवू नये. आवाज थोडा कमीच ठेवावा.