पुण्यातल्या एका आयसीयूत १७ दिवस: नर्सिंगला ५ स्टार, बाकीचं खाली वाचा

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली दोनचार गोष्टी वाईट पण लिहिल्यात आणि मला त्यावरून वाद नकोय. मागच्या वर्षी गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांना (माझे वडील, वय ७८) साताऱ्याहून कार्डियाकवाल्या अँब्युलन्सने पुण्याला आणलं, न्यूमोनिया, ऑक्सिजन सारखा खाली, त्याच रात्री ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं. आत घेताना एका सिस्टरने प्लॅस्टिकच्या पिशवीत अंगठी, कवळी, चष्मा आणि कानाचं मशीन घालून माझ्या हातात दिलं, सही घेतली, आणि दरवाजा बंद. ती पिशवी मी पुढचे सात दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते. असं कुणाच्या हातात पिशवी आली की कसं वाटतं ते ज्याला आलीय त्यालाच कळेल.

भेटायची वेळ सकाळी १५ मिनिटं, संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी एकच माणूस, पास दाखवून. बाकी वेळ बाहेर हॉलमध्ये. तिथल्या खुर्च्यांना मधे लोखंडी हात आहेत, म्हणजे आडवं होताच येत नाही, ज्याने घेतल्या त्याचा कुणी पेशंट आत नसणार एवढं नक्की. स्पीकरवरून आपल्या पेशंटचं नाव पुकारलं की पाय लटपटतात, आणि आत जाऊन बघावं तर डायपर संपलेत आणून द्या म्हणून बोलावलेलं असतं. चौथ्या दिवसापासून दुपारच्या ड्यूटीच्या सिस्टरने नावाच्या पुढे "सामान हवंय, घाबरू नका" असं जोडायला सुरुवात केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

आता मेन गोष्ट. सातव्या दिवशी सेडेशन (गुंगीचं औषध) कमी केलं, डोळे उघडले पण अण्णा काही केल्या ऐकेनात. डॉक्टर म्हणाले कमांड फॉलो करत नाहीयेत, हात दाबा म्हटलं तर दाबत नाहीत, नळ्या ओढतात, म्हणून दोन्ही हात पट्टीने बेडला बांधलेले. मेंदूला काही झालंय का बघायला सीटी करावा लागेल असंही म्हणाले. मी बेडजवळ उभी राहून रडत होते तेव्हा ती दुपारवाली सिस्टर, केरळची, मराठी तोडकंमोडकं, तिने विचारलं "आजोबाला कान ऐकतो ना?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, अगं बाई, पर्समध्ये मशीन! सेल संपलेला, खाली मेडिकलमध्ये मिळेना, नवरा गणपतीच्या गर्दीतून लक्ष्मी रोडपर्यंत चालत जाऊन चौथ्या दुकानातून घेऊन आला. भेटायची वेळ कधीच संपलेली, तरी तिने मला आत घेतलं. मशीन लावलं, चष्मा लावला, आणि ती मोठ्याने नाही तर अगदी हळू, तोंडासमोर येऊन म्हणाली, "आजोबा, आज बुधवार आहे, तुम्ही पुण्यात आहे, मुलगी आली आहे, हात दाबा." दाबला. माझा पण दाबला. सीटी डॉक्टरांनी मग थांबवला आणि दुसऱ्या दिवशी हात सोडले.

नंतर कळलं की आयसीयूत म्हाताऱ्या माणसांना असं भ्रम झाल्यासारखं होणं फार कॉमन आहे, डिलिरियम म्हणतात, सतत लाइट, अलार्मचे आवाज, झोप नाही, दिवस-रात्र कळत नाही, त्यात ऐकू येत नाही आणि दिसत नाही म्हटल्यावर माणूस घाबरणारच. चष्मा-मशीन लावणं, वार-वेळ सांगत राहणं, ओळखीचा आवाज ऐकवणं हे त्यावरच्या उपचारातच धरतात. म्हणून ज्यांचं कुणी आत आहे त्यांनी अॅडमिशनलाच सांगा, आमच्या पेशंटला कानाचं मशीन आहे. आम्ही कुणीच सांगितलं नाही, त्यांच्या फॉर्ममध्ये पण कुणी विचारलं नाही.

बाकी नर्सिंग म्हणजे काय ते मी तिथेच पहिल्यांदा नीट बघितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, डोक्याकडची बाजू वर ठेवायची, तोंड आतून पुसायचं, सक्शन (नळीने कफ ओढणं) करायच्या आधी शुद्ध असो नसो "आजोबा, आता नळी घालते, खोकला येईल" असं सांगायचं. पाठ रोज दाखवायच्या मला, बघा ताई, लाल पण नाही झाली. सतरा दिवसांत एक बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) नाही. मला तेव्हा मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग आठवल्या, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या, १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं आणि २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात लिहिलंय की इतक्या वर्षांत एकही बेडसोअर झालेला नाही. पेपरात वाचताना ते एक वाक्य होतं. ७० किलोच्या माणसाला दोघी पोरी चादरीसकट वळवताना बघितल्यावर समजलं त्यात काय काय येतं.

आता तक्रारी. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर हवी असं सगळीकडे सांगतात, इथे दिवसा ते बरंचसं पाळतात, रात्री मात्र एका सिस्टरकडे तीन पेशंट मी स्वतः बघितलेत. एका सकाळी अण्णांचा डावा हात कोपरापर्यंत सुजलेला, सलाईन आउट गेलं होतं, म्हणजे शिरेबाहेर, आणि रात्री कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळच्या सिस्टरने मी विचारायच्या आधीच सांगितलं, सॉरी पण म्हणाली, हात उशीवर उंच करून ठेवला. मला राग त्या रात्रीच्या मुलीचा नाही आला, तिला तीन बेड देणाऱ्यांचा आला. बिलात नर्सिंग चार्जेस म्हणून रोजचा आकडा लागतो, तो रात्री कुठे जातो ते विचारायला पाहिजे होतं, तेव्हा सुचलं नाही. एक ब्रदर (पुरुष नर्स) पण होते, काम चोख पण बोलणं असं की जणू आपण फुकट आलोय.

बिलिंग काउंटरला १ स्टार, तोही एसी चालू होता म्हणून.

वॉर्डात हलवताना नवऱ्याने त्या सिस्टरला पाकीट द्यायचा प्रयत्न केला तर तिने दोन्ही हात मागे घेतले. दिवाळीच्या आधी फॉलोअपला गेलो तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन गेलो, अण्णा वॉकर घेऊन स्वतः आयसीयूच्या दारापर्यंत. ती नव्हती, आयर्लंडला गेली म्हणे, महिना झाला. पेढे तिथल्या दुसऱ्या सिस्टरने घेतले, सगळ्यांना देते म्हणाली, आणि बेड नंबर विचारला. मी सांगायच्या आत अण्णांनीच सांगितला, "नऊ."