डीएनए चाचणीचे आठ महिने: बाबांकडचं उत्तर आणि आईकडचं

आमच्या आडनावातलं गाव अलिबाग तालुक्यातलं, घरातली भाषा मराठी, आणि शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची सुरुवात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. जहाज फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका तेवढ्या नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, ही गोष्ट आजीकडून किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. त्या चौदा जणांपैकी आपले कोण, एवढंच मला हवं होतं.

किट मावसबहिणीने लंडनहून आणलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बाटलीत टाकायची, झालं. नमुने तिनेच परत नेऊन तिथल्या पोस्टात टाकले. पहिली फजिती माझीच. मी स्वतःसाठी 'वडिलांची शाखा' मागवली होती! वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला जातं, बाईकडे ते नसतंच. कंपनीच्या पानावर ही ओळ इतक्या बारीक अक्षरात होती की पैसे भरल्यावर दिसली. बाबा आता नाहीत, म्हणून धाकट्या भावाला बसवलं. त्याचा पहिला नमुना नापास झाला. दुसरी काडी मिळायला दोन महिने आणि अकरा ईमेल लागले. ग्राहकसेवेला याहून जास्त जागा देत नाही.

भावाचा रिपोर्ट आला: हॅप्लोग्रुप, म्हणजे एका पूर्वजापासून निघालेली शाखा, जे-१. अरबस्तानापासून कॉकेशसपर्यंत पसरलेला हा गट. काकांनी लगेच पेढे मागवले. मी त्यांना सांगितलं, काका, जे-१ ज्यूंमध्ये आहे तसा अरबांतही भरपूर आहे. बाप समुद्रापलीकडून आला एवढं यावरून म्हणता येतं, त्याची प्रार्थना कोणती होती ते नाही. पेढे तरीही आले.

माझा आईकडचा रिपोर्ट: हॅप्लोग्रुप एम. मायटोकाँड्रिया या पेशीतल्या भागाचा डीएनए आई मुलगा-मुलगी दोघांनाही देते, पण पुढे नेते फक्त मुलगी. भारतात सगळ्यात जास्त आढळणारा गट हाच, आणि वय पन्नास हजार वर्षांच्या पुढे. म्हणजे आईची आई, तिची आई असं मागे गेलं तर मी इथलीच. सात बायकांपैकी माझी कुणीच नाही, निदान त्या एका सरळ रेघेत तरी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या जनुकीय अभ्यासातही हेच चित्र होतं: ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून, स्थानिक वाटा बायकांकडून, आणि हे मिसळणं साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं. (मिसळले कधी आणि किनाऱ्याला लागले कधी, या दोन वेगळ्या तारखा. काकांना हे अजून पटलेलं नाही.)

हा रिपोर्ट मी आठवडाभर कुणाला दाखवला नाही. ज्यू धर्मशास्त्रात माणूस ज्यू ठरतो तो आईवरून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये लग्नाआधी आमच्या लोकांच्या आईकडच्या पिढ्या तपासायचा धर्माधिकाऱ्यांचा आदेश निघाला होता. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, आणि १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. माझी मावशी तेव्हा तिथे होती, दहा वर्षांची. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तसं पाहिलं तर या दोन रेघा म्हणजे फारच थोडं. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा १०२४ होतात. वाय आणि मायटोकाँड्रिया मिळून त्यातल्या दोघांबद्दल बोलतात. बाकीच्यांसाठी तिसरी, सर्व गुणसूत्रांची चाचणी घ्यावी लागते, आणि आमच्यासारख्यांना ती चकवते. तिथले टक्केही फार मनावर घेऊ नका. माझा 'मध्यपूर्व' वाटा आधी २२ होता. कंपनीने तुलनेचे नमुने बदलले आणि एका रात्रीत १४ झाला.

डीएनए जुळवून कंपनी देते त्या नातेवाइकांच्या यादीत मेलबर्नची एक बाई माझी 'दुसरी ते तिसरी चुलत' निघाली, सामाईक डीएनए १४० सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी यात मोजतात). आम्ही दोघींनी पणजी-खापरपणजीपर्यंत कागद काढले, एकही नाव जुळेना. मग सलग तुकडा पाहिला: सगळ्यात लांब अवघा ११. १९४८च्या सुमारास भारतात आम्ही सगळे मिळून वीसेक हजार, आणि पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपसातच. त्यामुळे कुणाशीही बारीक बारीक तुकडे जुळतात आणि बेरीज फुगते. लहान समाजातल्या कुणीही एकूण आकडा सोडून आधी सर्वात लांब तुकडा बघावा. या एका गोष्टीने माझे तीन महिने वाचले असते.

२०२५च्या मार्चमध्ये २३अँडमी ही डीएनए चाचणीची अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेल्याची बातमी आली. माझी चाचणी दुसरीकडची, तरी त्याच रात्री मी मूळ फाइल उतरवून घेतली आणि संशोधनाला दिलेली संमती काढून टाकली.

शेवटी मावशीला फोनवर सांगितलंच. ती हसली. म्हणाली, "अगं, मग मलिद्यात पोहे, गूळ, खोबरं काय जहाजातून आलं होतं?" आणि लगेच, "माझीपण कर." तिकडे इस्रायलमध्ये २०००च्या कायद्यामुळे नात्याची चाचणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय होत नाही, म्हणून डिसेंबरात ठाण्याला आली की करणार आहे. आईकडचं उत्तर तिचंही एमच येईल. पण आजोबांचे असे तुकडे तिच्याकडे असतील जे आईच्या वाट्याला आलेच नाहीत, म्हणून माझ्याहीकडे नाहीत. या वेळी किट दोन मागवलीत. पहिली काडी नापास झाली तर असावी म्हणून.