मिशनऱ्याचे चरित्र वाचावे की त्याची रोजनिशी?

मिशनऱ्यांविषयी वाचू इच्छिणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: दुसऱ्याने लिहिलेले चरित्र, किंवा त्या व्यक्तीची स्वतःची रोजनिशी, पत्रे वा साक्ष (आपल्या श्रद्धेच्या वाटचालीचे स्वतः केलेले कथन). मी बरीच वर्षे पहिल्या वाटेने गेलो आणि आता बहुधा दुसरीकडेच वळतो.

चरित्राची सोय नाकारता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनऱ्यांचे वावडे का होते आणि इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी बंगालमधले, डॅनिश सत्तेखालील श्रीरामपूर का जवळ केले, हे चरित्रकारच उलगडून सांगतो. लहानांना वाचून दाखवायचे असेल तर चरित्रच बरे.

मला खटकले ते एकच. कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले आणि त्यांच्या मिशनचे पहिले बंगाली विश्वासी (ख्रिस्ती झालेले) कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. मधली सात वर्षे मी वाचलेल्या एका चरित्रात दीड पानात उरकलेली होती, आणि लगेच पुढे हुगळीच्या काठावरचा तो बाप्तिस्म्याचा प्रसंग सविस्तर रंगवला होता. माझी स्वतःची प्रार्थना कोरडी पडलेल्या दिवसांत मी ते वाचत होतो, आणि त्या दीड पानाने मला अधिकच एकटे पाडले. कॅरी यांच्या रोजनिशीत मात्र हातात पैसा नाही, मन मोकळे करायला सोबती नाही, ही तक्रार पुनःपुन्हा येते. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, पुढे पत्नी डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. (डोरोथी यांची बाजू मात्र दोन्हीकडे फारशी ऐकू येत नाही.)

पंडिता रमाबाईंचेही तसेच. त्यांचा १८८३ मधला बाप्तिस्मा हाच चरित्रात सहसा कळस ठरतो; १९०७ च्या साक्षीत मात्र त्या स्वतःच सांगतात की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, आणि हे उमगायला आठ वर्षे लागली.

रोजनिशी निर्दोष असते असे नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत काम करणारे मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड यांची रोजनिशी धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी ब्रेनर्ड यांच्या मृत्यूनंतर, १७४९ मध्ये, प्रसिद्ध केली; तीवरही संपादकाची कात्री चाललेली आहे, आणि तरीही तीत खिन्नता इतकी आहे की सलग वाचवत नाही. म्हणून मी रात्री दोनच पाने वाचतो आणि काळाचा संदर्भ लागेना तेव्हा शेजारी ठेवलेले छोटे चरित्र उघडतो.