फुकट मिळालेली जाळी

देवबागला कर्लीच्या खाडीत मी पर्यटकांना फिरवतो. बोट छोटी, केबिनची. तिच्यावर १०० लिटरची गोड्या पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, एक बेसिन आणि एक संडास, एवढाच पाण्याचा संसार. त्यात मी १२,३०० रुपयांना फसलो, आणि वर फसवणाऱ्याचे आभारही मानले.

पावसाळाभर शाकारलेली बोट सप्टेंबरात पाण्यात उतरवली. पंप महिनाभर नीट चालला. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी खलाशी म्हणाला, "दादा, नळाक पाण्यापरास वारोच जास्त येता." नळ उघडला तर फुर्र फुर्र करत पाणी थुंकत होता. नळ बंद केल्यावर दाब भरून पंप आपोआप थांबायला हवा, तर तो घरघरतच राहिला. टाकी अर्धी भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बारा माणसांचं बुकिंग. अशा वेळी माणूस डोकं वापरत नाही, फोन करतो.

ओळखीतून एक मेकॅनिक मिळाला. आला, पंप सोडवला, मोटरचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "आर्मेचर जळालंय, मोटरची आतली गुंडाळी. वास घ्या." मी वास घेतला. आता खरं सांगतो, मला काहीच वास आला नव्हता, पण मान मात्र हलवली. ती काळी पूड म्हणजे कार्बन ब्रशची झीज. दोन-तीन वर्षं चाललेली अशी कुठलीही मोटर उघडा, बोट काळं होणारच. जळालेली मोटर फिरत नाही किंवा फ्यूज उडवते. माझी तर थांबायला तयार नव्हती!

नवा 'इम्पोर्टेड' पंप १२,८०० चा, जुन्याचे भंगारात ५०० वजा. बिल घेतलं तर जीएसटी वेगळा पडेल, म्हणून रोख. पंपाच्या अलीकडे कचरा अडवणारी जाळी असते, पारदर्शक कपातली. तीही त्याने नवी बसवली. "ही आपल्याकडून फुकट." पाणी धो धो आलं. मी त्याला चहा पाजला, वर सोलकढीची बाटलीही दिली.

डिसेंबरात केबिन साफ करताना जाळीचा जुना कप सापडला. खलाशी त्यात स्क्रू ठेवत होता. धुवायला पाणी भरलं, तर आट्यांच्या खाली केसाएवढी रेघ दिसली आणि तिच्यावर मोहरीएवढे थेंब एकेक करून उगवायला लागले. तडा! आणि तो माझ्याच हातचा. हा कप हाताने आवळायचा असतो, मी सप्टेंबरात पाना लावला होता. टाकी पंपाच्या खालच्या अंगाला असली की पंप पाणी ओढतो त्या बाजूचा तडा बाहेर थेंब सांडत नाही, आत हवा घेतो. म्हणून खाली सगळं कोरडं आणि नळाला वारा. म्हणजे खरी दुरुस्ती होती ती फुकटची जाळी. त्या माणसाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असणार.

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. जाळीकडून पंपात येणारी नळी पंपापाशी सोडवायची, तिथे दुसरा तुकडा लावून त्याचं टोक थेट बादलीत बुडवायचं. पंपाने बादली ओढली आणि नळ बंद केल्यावर थांबला, तर पंप धडधाकट. दोष जाळीत, क्लॅम्पमध्ये नाहीतर टाकीकडच्या नळीत. पंप नुसताच हुंकारत असेल, तर तो चालू ठेवून मल्टीमीटर त्याच्याच टोकांना लावा, बॅटरीला नाही. बॅटरीवर साडेबारा आणि पंपाशी दहा दिसले, तर खाऱ्या हवेने वायरीचा जोड खाल्लेला असतो. आणि सगळे नळ बंद असताना पंप मधूनच एकटा सुरू होत असेल, तर पुढे कुठेतरी पाणी गळतंय किंवा पंपातला व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे न सोडणारी झडप, धरत नाही.

जानेवारीत तारकर्लीच्या एका मित्राने बोट बघायला बोलावलं. साडेपाच हजारांना 'रिकंडिशन' पंप घेतला होता, खूश होता. मी वाकून बघितलं. मोटरच्या झाकणाला चार स्क्रू, तीन स्टीलचे, एक पितळी. मागच्या वर्षी एक स्क्रू खाडीत पडला तेव्हा मी देवघराच्या दाराचा काढून लावला होता. त्याच्या डोक्यावर माझा स्क्रूड्रायव्हर घसरल्याची खूणही तशीच. काळा रंग तेवढा नवा होता.

मेकॅनिकला फोन केला. "पंपासारखे पंप असतात हो, तुमचं बिल दाखवा." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करावी म्हटलं, तर हातात ना पावती, ना ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद. दिवाळीच्या गडबडीत जुन्या पंपाचा एक फोटोसुद्धा काढला नव्हता.

मित्राने विचारलं, "तुझो पंप तुका परत देव काय?" मी काय घेणार? त्यानेही पैसे मोजलेत. खाडीत त्याची बोट माझ्या बाजूला लागते. तिकडे कोणी नळ उघडला की तो पंप सुरू होतो, आणि आवाजावरून मला ओळखता येतो.