हेअर जिग की सॉफ्ट प्लास्टिक? क्रॅपीसाठी दोन्ही वापरल्यावर

मध्य इलिनॉयमधल्या लेक शेल्बीव्हिलवर गेल्या पानगळीपासून या उन्हाळ्यापर्यंत मी क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशासाठी दोन्ही आमिषं वापरली: हाताने बांधलेले केसा-पिसांचे हेअर जिग (जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ), आणि शिशाच्या जिगहेडवर ओवायची मऊ प्लास्टिकची पिल्लं. वजन दोन्हीकडे तेच, १/३२ किंवा १/१६ औंस. दोराही तोच, चार पाउंडांचा ताण झेलणारा नायलॉनचा मोनो. कोकणात कोळंबी लावून गरवायची सवय असलेल्या माणसाला पिसांवर मासा लागेल हे आधी खरंच वाटत नाही.

थंड पाण्यात हेअर जिगला तोड नाही. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की क्रॅपी सुस्तावते. आमिषामागे धावत नाही, तोंडापुढे आलं तरच घेते. माराबू पिसांची गंमत इथे कळते. (ही पिसं पूर्वी त्याच नावाच्या करकोच्याची असत, आता मिळतात ती टर्कीची.) बोयाखाली जिग नुसता टांगून ठेवला तरी लाटेच्या हेलकाव्यावर पिसं फुलतात, मिटतात. रॉडला हात लावायचा नाही, हेच यातलं कौशल्य, आणि तेच सगळ्यात अवघड. शिवाय पिसांमुळे जिग सावकाश बुडतो. क्रॅपी वर बघून खाणारा मासा आहे, त्यामुळे जिग जितका वेळ तिच्या डोक्यावर रेंगाळेल तितकं बरं. हरणाच्या शेपटीचे केस, म्हणजे बकटेल, यापेक्षा ताठ. ते मी १/१६ वर बांधतो आणि लांब फेकून ओढायला ठेवतो.

प्लास्टिक गारठ्यात कडक होतं. बॉबी गारलंड कंपनीच्या बेबी शॅड आमिषासारखी बारीक शेपटी तेव्हाही थरथरते, पण वळणदार शेपटीचे, अळीसारखे ग्रब ओढल्याशिवाय हलतच नाहीत. आणि ओढलं की सुस्त मासा मागे राहतो.

वसंतात पाणी ६० ते ६५ अंशांवर आलं, क्रॅपी अंडी घालायला काठाशी आली, की हा वादच संपतो. घरट्यावर राखण करणारा नर समोर येईल त्यावर तुटून पडतो.

उन्हाळ्यात मात्र मी प्लास्टिककडे वळलो, आणि कारण माशापेक्षा पाण्यातल्या झाडांचं. क्रॅपी बुडालेल्या फांद्यांच्या जाळीत बसते आणि जिग तिथेच अडकतो. प्लास्टिकवाला तुटला तर थोडक्या पैशांचं शिसं गेलं; हाताने बांधलेला तुटला की संध्याकाळचा निवांत वेळ गेला. पावसाने पाणी गढूळ झालं, काळा-हिरवट पिवळा रंग हवा झाला, तर प्लास्टिक क्षणात बदलता येतं. हेअर जिगसाठी गाठ कापून पुन्हा बांधा. मात्र ब्लूगिल मासे शेपट्या कुरतडून पाकीट बघता बघता रिकामं करतात. तुकडे पाण्यात टाकू नका, खिशात घाला.

टिकाऊपणात हेअर जिग सरळ पुढे. दोऱ्याच्या गाठीवर रेझिनचा थर नीट बसला असेल तर एकच जिग मासे काढत राहतो. पण ओला जिग डबीत बंद केलात तर हुक गंजलाच म्हणून समजा, आधी वाळवा. प्लास्टिकचं वेगळंच: एलाझटेक या वेगळ्या प्रकारच्या प्लास्टिकची आमिषं नेहमीच्या मऊ प्लास्टिकबरोबर एका डबीत ठेवली तर एकमेकांत वितळून चिकट लगदा होतो.

दोन्हीवर चावा नाजूकच. पुष्कळदा बोया बुडत नाही, आडवा पडतो, कारण मासा जिग तोंडात धरून वर आलेला असतो. अशा वेळी मनगट हलकेच उचला. क्रॅपीच्या ओठाची कातडी कागदासारखी, हिसका दिला की फाटते. मऊ प्लास्टिक मासा जरा जास्त वेळ तोंडात ठेवतो असं मला वाटतं, त्यामुळे नवख्याला तिथे थोडी सूट मिळते.

म्हणून नवीन सुरुवात करणाऱ्याने आधी दोन इंची प्लास्टिकची दोन पाकिटं (एक फिकट, एक गडद) आणि १/३२ चे जिगहेड घ्यावेत. थंडीत काठावर उभं राहायची तयारी असेल तर पांढरे आणि काळे माराबू जिग तयार विकत घ्या. बांधायचं सामान, म्हणजे पकड, दोरा, पिसं, नंतर. ते एकदा घरात आलं की जेवणाचं टेबल गेलं, आमच्याकडे तर यावर रोज कुरबुर चालते. क्रॅपी रवा लावून तळली की तेवढ्यापुरती थांबते.