लाइव्ह अर्थ: गर्दी जमली, मागणी विरली

७ जुलै २००७, शनिवार. वेम्बली, न्यू जर्सी, सिडनी, टोकियो, शांघाय, हॅम्बुर्ग, जोहान्सबर्ग, रिओचा कोपाकबाना किनारा, सगळीकडे एकाच दिवशी मैफली. अंटार्क्टिकाच्या रोथेरा तळावरचा बँडसुद्धा वाजला. हवामानबदलाकडे जगाचं लक्ष वेधण्याचं काम ‘लाइव्ह अर्थ’ने चोख केलं. मतं बदलण्यात मात्र तो कमी पडला.

खोट होती ती प्रेक्षकांना घ्यायला सांगितलेल्या शपथेत. सात कलमं! विकसित देशांचं प्रदूषण ९० टक्के घटवणारा करार दोन वर्षांत करायला लावा, असं एक कलम सांगतं, तर दुसरं झाडं लावायला. सोमवारी सकाळी नेमकं कुणाच्या दारात जायचं, हे प्रेक्षकाला कळत नाही. याआधी गरिबीविरोधात भरलेल्या ‘लाइव्ह ८’च्या मैफली २ जुलै २००५ला झाल्या आणि ६ जुलैला स्कॉटलंडच्या ग्लेनईगल्समध्ये आठ बड्या देशांची जी-८ परिषद सुरू झाली. मागणी कुणाकडे, कधीपर्यंत, हे ठरलेलं होतं. ‘लाइव्ह अर्थ’नंतरची बालीची हवामान परिषद थेट डिसेंबरात. पाच महिन्यांत कुठलाही जोश ओसरतो.

चेहरा अल गोर यांचा. विषयाचा अभ्यास पक्का, पण अमेरिकेतल्या रिपब्लिकन मतदाराला त्यांच्यात आधी डेमोक्रॅट पक्षाचा माजी उपराष्ट्राध्यक्ष दिसतो. ज्याचं मन वळवायचं, तोच दूर राहतो. त्यात कलाकारांच्या विमानप्रवासाची बातमी झाली आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

याउलट मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडची इंग्लंडच्या ब्रिस्टलमधली २५ ऑगस्ट २०२४ची मैफल पाहा. डिझेल जनरेटरऐवजी बॅटऱ्या, जेवण पूर्ण वनस्पतीजन्य, परिसरातल्या रहिवाशांना तिकिटं आधी, परतीसाठी जादा रेल्वेगाड्या, पार्किंग नाही. अशा कार्यक्रमात उत्सर्जनाचा मोठा वाटा प्रेक्षकांच्या येण्याजाण्याचा असतो, म्हणून तिकीटविक्रीपासूनच आखणी लागते. इथे भाषणाची गरजच उरत नाही. गाडी घरी ठेवूनही रात्री सुखरूप परतता येतं, हे माणूस स्वतः अनुभवतो. आम्ही याच पद्धतीला झुकतं माप देऊ.

मुंबईतला ‘लाइव्ह अर्थ’ ७ डिसेंबर २००८ला ठरला होता, तो २६/११च्या हल्ल्यामुळे रद्द झाला. आता नेरूळसारख्या, लोकलने पोहोचता येणाऱ्या मैदानावर कुणी असा घाट घातला, तर तिकीट काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: स्टेजची वीज कुठून येणार, मैफल शेवटच्या लोकलच्या किती आधी संपणार आणि मागणीपत्रावर कुठल्या खात्याचं नाव व कोणती तारीख आहे.