चेरीपाय वापरून आठ महिने: आतून बोलावलेली मेथड आणि बाहेरून आलेली विनंती

आमच्या वाचनालयाची देवघेव आणि वर्गणी आठ महिन्यांपासून मी चेरीपायवर लिहिलेल्या अ‍ॅप्लिकेशनवर चालते. वेब अ‍ॅप्लिकेशन लिहायचं पायथॉन भाषेतलं हे आटोपशीर फ्रेमवर्क २००२ पासूनचं. क्लास लिहायचा, त्यातल्या ज्या मेथडवर (म्हणजे क्लासमधल्या फंक्शनवर) एक्स्पोज, म्हणजे ‘बाहेरून मागता येईल’ अशी खूण लावाल, तिचं नाव थेट यूआरएल होतं. ही सोय मला मनापासून आवडते. फक्त त्याच क्लासमधली एक मेथड दुसरीतून बोलावताना काय होतं, हे नीट कळायला मला तीन महिने लागले.

वर्गणी जमा करणारी ‘जमा’ ही मेथड शेवटी ‘रिटर्न सेल्फ.यादी()’ करायची, म्हणजे त्याच ऑब्जेक्टची ‘यादी’ ही मेथड आतूनच बोलवायची. यादी बरोबर दिसायची, पण ब्राउझरचा पत्ता ‘जमा’चाच राहायचा. ग्रंथपाल बाईंनी पान रिफ्रेश केलं, फॉर्म पुन्हा गेला आणि एकाच सभासदाच्या दोन पावत्या फाटल्या. तिथे हवा होता एचटीटीपी-रीडायरेक्ट, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा अपवाद (एक्सेप्शन), तोही ‘रिटर्न’ नव्हे, ‘रेज’ करून. मग सर्व्हर ३०३ हा ‘तिकडे जा’ सांगणारा कोड पाठवतो, ब्राउझर यादीचं पान स्वतः मागतो आणि रिफ्रेशने काही बिघडत नाही.

दुसरी चूक गंभीर होती. ‘थकबाकी’ या मेथडवर लॉगिन तपासणारं टूल डेकोरेटरने, म्हणजे मेथडच्या वर लिहायच्या @ च्या ओळीने, लावलं होतं. सर्वांसाठी खुल्या असलेल्या मुख्य पानावरून मी तीच मेथड ‘सेल्फ’ने बोलावली आणि दोन दिवस थकबाकीदारांची नावं कुणालाही दिसत होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं. चेरीपायमधलं टूलचं डेकोरेटर मेथडला गुंडाळत नाही, तिच्यावर फक्त नोंद ठेवतं. ती नोंद वाचली जाते यूआरएलवरून विनंती आली की. आतून केलेला कॉल हा साधा पायथॉनचा कॉल, तिथे ती वाचायला कुणी नसतं. उत्तराचं जेसन मजकुरात रूपांतर करणाऱ्या जेसन-आउट टूलचंही तसंच: आतून बोलावलंत तर नुसती डिक्शनरी हातात येते.

आता हिशेबाचं सगळं काम एक्स्पोज न केलेल्या, अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या मेथडमध्ये असतं. त्या फक्त डेटा देतात. एक्स्पोज केलेल्या मेथड तपासणी करून त्यांना बोलावतात आणि पान सजवतात. सर्व्हर न चालवता हिशेब तपासता येतो, हे सुख वेगळंच.

हो, आणि दोन मेथडमध्ये निरोप द्यायला ‘सेल्फ.सभासद’ असं काही ठेवू नका. क्लासचा एकच ऑब्जेक्ट सगळ्या थ्रेडना (एकाच वेळी वेगवेगळ्या विनंत्या हाताळणाऱ्या धाग्यांना) मिळून असतो, एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर जाईल. आर्ग्युमेंट म्हणूनच द्या.

पुढच्या महिन्यात बालविभाग यात येतोय. त्याच्या आतल्या मेथड लिहून झाल्यात, यूआरएल ठरायचेत.